प्रबंधाचा विषय कोण ठरवतं?

मी काम करते त्या पालघर जिल्ह्यातल्या एका पाड्यावर गेल्या उन्हाळ्यात दोनदा इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आले. आधी आले ते पाचजण, सगळे मुलगे. त्यांच्याबरोबर एक ढकलगाडी होती, दोन हंडे बसतील अशी. बायांच्या डोक्यावरचा हंडा उतरवायचा हा त्यांचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. हेतू चांगलाच होता. पण आमच्या पाड्यापासून विहिरीपर्यंतची वाट म्हणजे दगडांचा उतार, मध्ये ओहोळ. एका आजीने गाडीला वळसा घालून ती नीट पाहिली आणि म्हणाली, "पोरा, ही वर न्यायची तर आधी गाडीच डोक्यावर घ्यावी लागंल." सगळ्या बाया हसल्या, मुलंही हसली. फोटो काढून झाले, मुलं संध्याकाळच्या एस.टी.ने गेली. गाडी अजून अंगणवाडीच्या मागे आहे, पोरं तिच्यात एकमेकांना बसवून ढकलतात.

नंतर एप्रिलच्या शेवटी एक मुलगी आली. एम.टेक. करणारी, एकटीच. तिच्याकडे यंत्र वगैरे काही नव्हतं. वही, घड्याळ आणि मापाची बादली एवढंच. अंगणवाडीच्या ताईंकडे तीन आठवडे राहिली. विहीर आटली की बाया शेजारच्या ओहोळात डवरा खणतात आणि त्यात झिरपणारं पाणी वाटीवाटीने हंड्यात भरतात. ही मुलगी त्या डवऱ्याशी बसून राहायची, रात्रीसुद्धा. मे महिन्याच्या मध्यावर पंधरा लिटरचा एक हंडा भरायला २२ मिनिटं लागतात, असं तिच्या वहीत आहे. म्हणजे दिवसरात्र कुणी एक क्षण न उठता भरत राहिलं तरी चोवीस तासांत ६५ हंडे. पाड्यावर घरं ४१, माणसं दोनशेच्या वर. माणशी पाच लिटरसुद्धा पाणी येत नाही, आणि जल जीवन मिशनच्या कागदावर माणशी ५५ लिटर लिहिलेलं आहे. बाया रात्री दोन वाजता का उठतात हे आम्ही कार्यकर्त्या वर्षानुवर्षं निवेदनांत लिहीत आलो होतो. हिशेब मात्र आम्ही कधी मांडला नव्हता. हे कबूल करायला मला थोडी लाज वाटते.

या दोन भेटींमुळे मी विचार करायला लागले की तंत्रशिक्षणाच्या मोठ्या संस्थांत संशोधन म्हणून जे चालतं ते नेमकं काय असतं, आणि आपल्या चळवळीने त्याच्याकडे इतकी पाठ का फिरवली? समाजकार्याच्या एम.ए.ला असताना आमच्या मनात एक पक्की समजूत होती : आय.आय.टी. म्हणजे अमेरिकेला जाण्याचा फाटक. ती अगदीच खोटी नव्हती. पण पुरी खरीही नव्हती.

पवईचंच घ्या. १९५८ साली युनेस्को आणि सोव्हिएत युनियनच्या मदतीने सुरू झालेली ही संस्था. आज तिथे काय काय चालतं त्याची यादी केली तर चक्रावून जायला होतं. विद्यार्थ्यांनी बांधलेला 'प्रथम' हा उपग्रह सप्टेंबर २०१६ मध्ये पी.एस.एल.व्ही.तून अवकाशात गेला. आपण रोज नोटेवर पाहतो ते रुपयाचं चिन्ह तिथल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात पीएच.डी. करणाऱ्या डी. उदय कुमार यांनी काढलं, २०१० साली ते स्वीकारलं गेलं. संगणक विभागात मराठीचं वर्डनेट तयार झालं, म्हणजे शब्दांच्या अर्थांची आणि नात्यांची जाळी. (त्यात 'बाई'च्या आसपास कोणते शब्द गोळा झालेत हे आपल्यापैकी भाषेत रस असणाऱ्या मैत्रिणींनी एकदा जरूर तपासावं.) वैद्यकीय उपकरणं आहेत, विजेवरच्या शर्यतीच्या गाड्या आहेत.

आणि याच आवारात १९८५ पासून 'सितारा' नावाचं केंद्र आहे, ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञानाचे पर्याय शोधणारं. २००७ पासून तिथे तंत्रज्ञान आणि विकास या विषयात एम.टेक. करता येतं, आणि त्यासाठी विद्यार्थ्यांना खेड्यात जाऊन राहावं लागतं. मूळचे संगणकशास्त्रातले असलेले प्राध्यापक मिलिंद सोहोनी यांनी तिथे असताना एक गोष्ट सतत मांडली. नळयोजना का बंद पडते, टँकर कुठे आणि का लागतो, एस.टी. वेळेवर का येत नाही, हेही इंजिनिअरिंगचेच प्रश्न आहेत आणि आपल्या जिल्ह्याचा अभ्यास करणं हे संस्थेचं काम आहे. मला हे पटतं. पाण्याचा प्रश्न बाईच्या 'सोशिकपणा'चा नसून झऱ्याच्या, पाइपाच्या आणि अंदाजपत्रकाचा आहे, असं एखादा इंजिनिअर म्हणतो तेव्हा आपलं निम्मं काम होतं.

पण निम्मंच. कारण घराच्या आत काय होतं ते तंत्रज्ञाला सहसा दिसत नाही. विद्यार्थी पाहणीला येतात तेव्हा 'कुटुंबप्रमुखा'ला विचारतात आणि तो ओट्यावर बसून पाण्याबद्दल उत्तरं देतो. त्याने शेवटचा हंडा कधी भरला होता?

चुलीची गोष्ट आपल्याला पाठ आहे. १९८० च्या दशकात सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. २००२ मध्ये तो गुंडाळला तोवर देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसवल्याची नोंद झाली होती. त्यातल्या कितीतरी चुली पहिल्या पावसाळ्यानंतर कोपऱ्यात गेल्या. धुराडं साफ कुणी करायचं? मोठं भांडं बसत नाही, भाकरी नीट भाजत नाही, लाकूड बारीक फोडावं लागतं; ते फोडायचं कुणी? पावसाळ्यात धुराने छपराचा गवताळा टिकतो, किडे पळतात, हेही कुणी विचारात घेतलं नाही. प्रयोगशाळेत चूल जळणाची बचत करत होती यात शंका नाही. बचत मोजताना बाईच्या वेळेचा रकाना कागदावर नव्हता, एवढंच.

याउलट राजस्थानातल्या डुंगरपूरचं उदाहरण पाहा. पवईच्या संस्थेने शाळकरी मुलांसाठी सौर दिव्यांची मोठी योजना राबवली. दिवे जोडणं, विकणं, दुरुस्त करणं हे गावातल्याच लोकांनी शिकायचं असं त्यात ठरलेलं होतं. डुंगरपूरमध्ये बचत गटातल्या आदिवासी बाया हे काम शिकल्या आणि पुढे सौर पॅनेल बनवणारी कंपनी त्यांच्या मालकीची उभी राहिली. माझ्या मते इथे दिव्यापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे ते हे, की हातात सोल्डरिंगची कांडी कुणाच्या आली. बाईला 'लाभार्थी' म्हणून धरणाऱ्या शंभर प्रोजेक्टांत असा एखादाच निघतो.

आता मुलींबद्दल. २०१७ पर्यंत देशभरच्या आय.आय.टी.त बी.टेक.ला शंभरात जेमतेम आठ-नऊ मुली असत. मग जादा जागा निर्माण केल्या गेल्या : २०१८ मध्ये १४ टक्के, २०१९ मध्ये १७, २०२० मध्ये २० टक्क्यांचं लक्ष्य. तेव्हा 'दर्जा घसरेल' म्हणून ओरड झाली. ही ओरड आपण मंडलच्या वेळीही ऐकली आहे, तिचे सूर आपल्याला ओळखता येतात. मुलाला कोट्याला पाठवायला जमीन गहाण पडते आणि मुलीला 'जवळच्या कॉलेजात बघ' सांगितलं जातं, तो दर्जा कुणी मोजत नाही. तरी माझी एक तक्रार आहे. मुलींच्या जागा वाढल्या म्हणजे विषयही बदलतील असं आपण गृहीत धरतो. डवऱ्याशी बसणाऱ्या त्या मुलीने मला सांगितलं, की तिच्या वर्गातल्या हुशार मुलींना असे विषय घ्यायची भीती वाटते. 'हे सोशल वर्क झालं, इंजिनिअरिंग नव्हे' असं ऐकावं लागतं. समाजकार्य करणारी मी समोर बसले होते, म्हणून ती ओशाळली. मला मात्र हसू आलं. आमच्या क्षेत्रात याच्या उलट बोलतात : आकडे म्हणजे पुरुषी कोरडेपणा, आपण बायांचे अनुभव लिहावे. दोन्हीकडच्या या सोवळेपणाची किंमत पाड्यावरच्या बाया देतात.

म्हणून माझं म्हणणं आहे की आपल्या गटांनी विद्यार्थ्यांची वाट पाहत बसू नये. जूनमध्ये विषय ठरतात, त्याआधी जवळच्या तंत्रनिकेतनात, इंजिनिअरिंग कॉलेजात आपले प्रश्न घेऊन जावं. आरोग्य केंद्राच्या बाळंतपणाच्या खोलीत वीज किती तास असते? आश्रमशाळेत मुलींच्या संडासाची टाकी कुठे रिकामी होते? कांदा चाळीत भरणाऱ्या बाईच्या कमरेवर दिवसाला किती वजन येतं? हे सगळं मोजता येतं. जाताना अटी मात्र घालाव्यात : बायांशी बायांच्या वेळेला बोलायचं, आणि अहवाल मराठीत परत आणून द्यायचा. गावाची माहिती नेऊन पदवी मिळवायची आणि गावाला एक कागद नाही, हे आपण फार वर्षं चालू दिलं.

आमच्या मुलीचा प्रबंध इंग्रजीत, ऐंशी पानांचा. आम्ही हट्ट धरल्यावर तिने चार पानं मराठीत लिहून पाठवली. ऑगस्टच्या ग्रामसभेत तालुक्याहून आलेले साहेब म्हणाले, "रेकॉर्डला विहीर बारमाही आहे." तेव्हा आठवीपर्यंत शिकलेल्या एका सुनेने उभं राहून ती पानं वाचली, तारखेसकट. साहेबांनी विचारलं, हे कुणी मोजलं. "पवरा आमीच धरला होता, साहेब, तिनं घड्याळ धरलं," ती म्हणाली. ठरावात 'बारमाही' हा शब्द खोडून 'फेब्रुवारीपर्यंत' असं लिहिलं गेलं. नवा स्रोत शोधायचा प्रस्ताव जिल्ह्याला गेला आहे. उत्तर अजून आलेलं नाही, आणि येत्या मार्चमध्ये आम्ही स्वतःच घड्याळ आणि मापाची बादली घेऊन बसणार आहोत.