सही आधी, चाचणी नंतर

मार्चअखेर उलटली की आमच्याकडे ठरावीक तक्रारींची पत्रे येतात. यंदाचे एक मासलेवाईक आहे. सरकारी खात्याचे सॉफ्टवेअरचे काम. यूएटीच्या, म्हणजे वापरकर्त्याच्या स्वीकृती चाचणीच्या, प्रमाणपत्रावर ३१ मार्चची सही, शिक्का, जावक क्रमांक, सगळे यथासांग. यूएटीचा सर्व्हर मात्र उभा राहिला १६ एप्रिलला! निधी परत जाऊ नये म्हणून साहेबांनी सही दिली, बिल निघावे म्हणून कंपनीने ती घेतली. आता सापडणारी प्रत्येक उणीव बग की चेंज रिक्वेस्ट, यावर दोघांची पत्रापत्री सुरू आहे.

मूळ दुखणे निविदेत आहे. हप्ते बांधलेले असतात कागदांना: एसआरएस (गरजांचा दस्तऐवज) मंजूर झाला की एक, डिझाइन मंजूर झाले की दुसरा. मग चारशे पानी एसआरएसच्या पानापानावर आद्याक्षरे घेतली जातात. ती करणाऱ्या अधिकाऱ्याची बदली होते आणि नवे साहेब पहिल्याच बैठकीत विचारतात, "हे कोणी मागितले होते?" तोवर मुदत संपत आलेली असते आणि कात्री लागते ती टेस्टिंगला.

याला 'वॉटरफॉल' म्हणून संगणकतज्ज्ञ विन्स्टन रॉयसच्या माथी मारू नये. १९७० च्या निबंधात त्याने पायऱ्यांची आकृती काढली खरी. पण चाचणी शेवटी ठेवणारी ही रीत धोक्याची आहे, असेही तिथेच बजावले. आधी एक प्राथमिक आवृत्ती करून बघा, ग्राहकाला सुरुवातीपासून गुंतवा, हा त्याचा सल्ला. आम्ही आकृती उचलली, मजकूर सोडला.

खात्यांना बोल लावताना आपण कंपनीवाल्यांनीही आरशात पाहावे. प्रक्रियेच्या अप्रेझलच्या आदल्या रात्री जागून ट्रेसेबिलिटी मॅट्रिक्स कोण भरते? रोज पंधरा मिनिटे उभे राहून बोललो की अजाइल झालो, असे कोण समजते? प्रक्रिया जाचक नसते. मागाहून भरलेली प्रक्रिया जाचक असते, कारण तिचे कष्ट पडतात आणि उपयोग शून्य.

तेव्हा प्री-बिड बैठकीत चहा पिऊन परतू नका. लेखी विचारा: हप्ता चालत्या मॉड्यूलला का जोडत नाही? स्वीकृतीचे निकष एसआरएससोबतच का ठरत नाहीत? एका कंपनीने विचारले तर फाइलला लागेल. दहा जणांनी विचारले तर शुद्धिपत्रक काढावे लागेल. आणि पुढच्या ३१ मार्चला, न झालेल्या चाचणीचे प्रमाणपत्र समोर आले, तर ते घेऊ नका.