कन्सोल घेण्याआधी खेळ मोजा

नवे गेम कन्सोल बाजारात आले की घराघरांत हट्ट सुरू होतो. साठवलेली ईदी पुढे करून मुलगा म्हणतो, "अब्बा, बाकीचे तुम्ही घाला." लगेच नकार देऊ नका, लगेच होकारही नको. आमचे म्हणणे असे की, आधी मुलालाच विचारा: या यंत्रावर खेळायला आज काय काय आहे?

यंत्राची तारीख कंपनी ठरवते, पण खेळ त्या तारखेला तयार होतोच असे नाही. एका मोठ्या खेळामागे शेकडो माणसे चार-पाच वर्षे राबतात. शिवाय नवे यंत्र सुरुवातीला थोड्याच घरांत असते. तेवढ्या विक्रीत खर्च निघत नाही, म्हणून तोच खेळ जुन्या यंत्रासाठीही काढला जातो.

सोनीचे प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी ४९,९९० रुपयांना आले. सुरुवातीपासून त्यावर असलेला 'डीमन्स सोल्स' हा २००९ च्या खेळाचीच नवी आवृत्ती होता. 'होरायझन फॉरबिडन वेस्ट' आणि 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक' हे मोठे खेळ २०२२ मध्ये आले, आणि दोन्ही जुन्या प्लेस्टेशन ४ वरही चालत होते. मायक्रोसॉफ्टचेही तेच. नोव्हेंबर २०२० मध्ये नव्या एक्सबॉक्सबरोबर येणारा 'हेलो इन्फिनिट' डिसेंबर २०२१ मध्ये आला.

घाईची किंमत जपानमधल्या ग्राहकांनी मोजली आहे. निन्टेंडोचे थ्रीडीएस तिथे फेब्रुवारी २०११ मध्ये २५,००० येनला निघाले. मोठे खेळ नव्हते, विक्री मंदावली आणि ऑगस्टमध्ये किंमत १५,००० येनवर आली. आधी घेणाऱ्यांना कंपनीने वीस जुने खेळ मोफत दिले. मारिओचे दोन मोठे नवे खेळ मात्र नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आले.

प्रत्येक वेळी असेच होते असे नाही. मार्च २०१७ मध्ये निन्टेंडो स्विच आले, त्याच दिवशी 'झेल्डा'चा नवा खेळही आला. पण तो खेळ आधी २०१५ साठी जाहीर झाला होता. लांबला, म्हणून नव्या यंत्राच्या वाट्याला आला.

तेव्हा मुलाला शेजारी बसवा आणि त्याला हव्या असलेल्या खेळांची यादी करा. कोणते आज दुकानात मिळतात, कोणते घरातल्या जुन्या यंत्रावर चालतात, कोणत्यांची नुसती घोषणा झाली आहे, हे वेगवेगळे लिहा. घोषणा झालेले खेळ हिशेबात धरू नका, कारण त्यांच्या तारखा पुढे जातात. फक्त नव्या यंत्रावर चालणारे आणि आज मिळणारे तीन खेळ निघाले, तर खरेदीचा विचार करा. नाही निघाले, तर सहा महिन्यांनी हीच यादी पुन्हा काढू असे मुलाला सांगा, आणि त्या दिवशी खरोखर काढा. आपली मागणी घरात ऐकून घेतली गेली, हे मुलाला तेव्हाच पटेल.