जमातीचा कागद, कोर्टाचा कागद

आमच्या मोहल्ल्यात मार खाल्लेली बाई माहेरी आली की जमातीची बैठक भरते. चार बुजुर्ग, सासरा, बाप. जिच्या अंगावर वळ उठलेत ती पडद्याआड. तिला 'सब्र कर, बेटी' म्हणायचे आणि नवऱ्याकडून स्टॅम्पपेपरवर लिहून घ्यायचे, की यापुढे हात उचलणार नाही. त्याने पुन्हा उचलला तर? पुन्हा बैठक, पुन्हा चहा, पुन्हा कागद.

२६ ऑक्टोबर २००६ पासून या देशात दुसरा कागद मिळतो. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याखाली दंडाधिकारी संरक्षणाचा आदेश देतात. तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बहुतेक बायकांना नवरा तुरुंगात नको असतो. मार थांबायला हवा असतो, डोक्यावर छप्पर हवे असते. हा कायदा तेच देतो. सासरच्या घरात राहण्याचा हक्क त्यात आहे, खर्चाचे पैसे आहेत, मुलांचा तात्पुरता ताबा आहे. घर सासऱ्याच्या नावावर आहे ही सबबही सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये मोडीत काढली. आमच्याकडे घर बहुधा सासऱ्याच्याच नावावर असते, हे ध्यानात घ्यावे.

मग अडते कुठे? 'शरियतमध्ये ढवळाढवळ' ही हाळी ठरलेली. पण हा कायदा हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सगळ्या बायकांचा आहे. तो निकाह मोडत नाही, तलाक देत नाही. इतर कायद्यांच्या जोडीला तो आहे, असे त्याचे ३६ वे कलमच सांगते. आणि बायकोला मारणे हा शरियतचा कोणता रुक्न आहे? पैगंबरांनी कधी बाईवर हात उचलला नाही, हे मिलादच्या बयानात आम्ही दरसाल ऐकतो आणि 'सुभानअल्लाह' म्हणून घरी जातो.

शाहबानोच्या पोटगीवरून १९८५-८६ मध्ये आमच्या मोर्च्यांनी रस्ते भरले होते. मार खाणाऱ्या बाईसाठी आम्ही किती मोर्चे काढले?

सरकारलाही मोकळे सोडता येणार नाही. २०१९ मध्ये तिहेरी तलाक गुन्हा ठरवला, तीन वर्षांपर्यंतची कैद ठेवली, ढोल वाजवले. पण जिला तलाक मिळालेला नाही, रोज फक्त लाथा मिळतात, तिच्यासाठी तो कायदा कुचकामी. तिचा आधार २००५ चाच. आणि त्याचे संरक्षण अधिकारी कोण, कुठे बसतात, हे मोहल्ल्यात कुणी सांगायला येत नाही. तलाकवर दोन्ही बाजूंनी घसे कोरडे करणारे या बाईपाशी आले की मुके होतात.

मदत नाही असे नाही. विधी सेवा प्राधिकरण बाईला मोफत वकील देते, तिचे उत्पन्न न विचारता. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र २०००-०१ पासून आहे. जखम बांधायला आलेल्या बाईला तिथे कुणीतरी विचारते, ही झाली कशी? आणि १८१ हा फोन आहे. मशिदीच्या फलकावर आम्ही नमाजच्या वेळा लिहितो. त्याखाली हे तीन आकडे लिहायला किती खडू लागतो?