सॅमनच्या चाऱ्यातलं तेल

नॉर्वेच्या फ्योर्डमध्ये जाळ्यांत वाढणाऱ्या सॅमनचं खाद्य म्हणजे बारीक, तपकिरी, हाताला तेलकट लागणाऱ्या गोळ्या. १९९० मध्ये यांतला सुमारे ९० टक्के भाग माशांची भुकटी आणि माशांचं तेल असा होता. २०२० पर्यंत तो पाव हिश्श्याच्याही खाली उतरला. तेलाची जागा घेतली ती मुख्यतः रेपसीडने, म्हणजे मोहरीच्या कुळातल्या तेलबियांनी.

हे व्हायलाच हवं होतं. ज्याची ही भुकटी आणि तेल बनतं तो पेरूच्या किनाऱ्यावरचा अँकोव्हेटा मासा आणखी किती ओरबाडायचा? २०२३ मध्ये एल निनोमुळे तिथला मासेमारीचा पहिला हंगामच रद्द झाला आणि माशांच्या तेलाचे भाव भडकले.

पण ज्या ईपीए आणि डीएचए या ओमेगा-३ आम्लांसाठी लोक सॅमन खातात, ती रेपसीडमध्ये नाहीतच. जवसातही नाहीत, त्यात त्यांचा कच्चा माल असतो आणि सॅमनला त्यातला थोडाच बदलता येतो. स्टर्लिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी स्कॉटलंडमधले सॅमन तपासले, तेव्हा २००६ ते २०१५ या काळात ही आम्लं निम्म्यावर आल्याचं दिसलं. मासा तसाच गुलाबी, तसाच गुबगुबीत. गिऱ्हाइकाला पत्ताच नाही! आम्हाला खटकतं ते हे. तेल बदला, पण मासा विकताना वेष्टनावर आजचं प्रमाण छापा.

ही आम्लं मुळात समुद्रातल्या सूक्ष्म शैवालात तयार होतात आणि तिथून माशांत येतात. टाक्यांत वाढवलेल्या शैवालाचं तेल आता खाद्यात येऊ लागलंय. महाग आहे, तरी पैसा तिथेच लागायला हवा. तोवर मासा काढण्याआधीच्या काही महिन्यांत तरी त्याला माशांचं तेल द्यावं. तेवढ्यानेही बरीच भरपाई होते.