डावे-उजवे

साखरखेर्ड्यात लहानपणी एका भजनात मी मृदंग फिरवून, कणकेची बाजू उजवीकडे घेऊन बसलो. वडीलधारी मंडळी रागावली, ‘शाईवर डावा हात? तोही देवापुढे?’ मी मृदंग सोडला.

पुढे वाचनात आले, की बीटल्सचा पॉल मॅकार्टनीही डावखुरा. १९६१ साली हॅम्बुर्गला त्याने व्हायोलिनच्या घाटाची हॉफनर बेस गिटार घेतली. तिची दोन्ही अंगे सारखी, त्यामुळे डावखुऱ्याच्या हातीही ती विचित्र दिसत नाही, हे त्याला भावले. पुढे कंपनीने जुन्या नमुन्याबरहुकूम नव्या गिटारी काढल्या, त्यांतही डावखुऱ्यांची सोय ठेवली.

आपला मृदंग तर नुसता फिरवला की झाले! ताल चुकला तर जरूर रागवा. पण हातांत डावे-उजवे करू नका.