खेळ संपू द्या

बातम्यांची वेळ झाली की बाबा दारातूनच विचारायचे, "संपला का गं खेळ?" घरात टीव्ही एकच, त्यामुळे प्रश्नात थोडी धमकीही असायची. पण त्या प्रश्नाला उत्तर असायचं. "शेवटचा चान्स आहे, बाबा." दोन मिनिटांत मारिओ खड्ड्यात पडायचा, पडद्यावर 'गेम ओव्हर' यायचं, दादा तापलेला अ‍ॅडॅप्टर उपटायचा आणि बाबा बातम्या लावायचे.

हा लेख त्या 'गेम ओव्हर'च्या बाजूने आहे. मी तीसेक वर्षं गेम खेळते आहे. माझा अनुभव असा की गेम संपणं हा त्यातला एक मोठा गुण होता. तो आपल्या डोळ्यांदेखत काढून घेतला गेला, आणि आपण अजून 'मुलं किती तास खेळतात' एवढ्यावरच भांडत बसलो आहोत.

आधी पूर्वपीठिका. १९९३च्या उन्हाळ्यात मिरजेला आमच्या घरी 'टीव्ही गेम' आला. जपानमध्ये १९८३ साली निघालेल्या निन्टेंडोच्या फॅमिकॉमची ती नक्कल होती, हे आम्हांला कुठे माहीत असायला! कार्ट्रिजला आम्ही 'कॅसेट' म्हणायचो. ती चालली नाही की तोंडाने फुंकर मारायची, एवढंच तंत्रज्ञान. कॅसेटवर लिहिलेलं असायचं 'नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव गेम', आणि आत असायचे मारिओ, काँट्रा, बदकं मारायचा गेम आणि त्यांच्याच आवृत्त्या. दुसऱ्या कंट्रोलरला स्टार्टचं बटण नव्हतं. तो कायम माझ्या वाट्याला, कारण मी धाकटी. गेम कधी थांबवायचा हे दादा ठरवणार. माझं राजकीय शिक्षण तिथूनच सुरू झालं असावं.

काँट्रात तीस जीव मिळवण्याची वर-वर-खाली-खालीची युक्ती शाळेत कोणीतरी सांगितली. ती वापरून एका दुपारी आम्ही शेवटचा राक्षस मारला. बेट उडालं, हेलिकॉप्टर आलं, नावं सरकली. आम्ही घामाघूम. मग काय केलं? बाहेर जाऊन क्रिकेट खेळलो. काँट्राने आम्हांला सोडून दिलं होतं.

पुढे कंप्युटर क्लासमध्ये फ्लॉपीवरून डेव्ह आणि प्रिन्स ऑफ पर्शिया आले. प्रिन्स १९८९चा. जॉर्डन मेक्नरने आपल्या धाकट्या भावाला पळताना, उड्या मारताना चित्रित करून, त्यावरून त्या राजपुत्राच्या हालचाली काढल्या होत्या. म्हणून तो अणकुचीदार सळ्यांवर पडला की आपल्याच पोटात कळ यायची. राजकन्येला सोडवायला बरोबर एक तास, नाहीतर खेळ खलास. हॉस्टेलवर एज ऑफ एम्पायर्स आला. रात्रभर किल्ले बांधायचे, पहाटे कोणीतरी हरायचं, मग सगळे मिळून चहाला. हरणारा चहा पाजायचा.

'आमच्या वेळी' या रडगाण्याचा मला तिटकारा आहे, त्यामुळे स्पष्ट सांगते. जुने गेम सोवळे नव्हते. आर्केडमधली यंत्रं मुद्दाम कठीण केलेली असत, कारण तुम्ही मेलात तरच पुढचं नाणं पडणार. तोही धंदाच होता. पण त्यातली लबाडी उघड होती. खिशातून नाणं जायचं, ते बोटांना कळायचं. खिसा रिकामा झाला की घरी जायचं.

आता हे बघा. २०१८च्या डिसेंबरात बाबा अतिदक्षता विभागात होते. रात्रीचे बारा वाजायला दहा मिनिटं होती. मी बाहेरच्या बाकावर बसून फोनवरच्या एका फुकट गेममध्ये त्या दिवसाची हजेरी लावत होते. खेळत नव्हते, खेळायची इच्छा कणभरही नव्हती. पण सलग दोनशे बारा दिवसांची हजेरी होती, बारा वाजले की ती शून्यावर येणार होती, आणि हजेरी लावायच्या आधी एक जाहिरात पूर्ण बघावी लागत होती. तेवढ्यात नर्सने दार उघडून नातेवाइकांना हाक मारली. मी म्हणाले, "एक मिनिट."

बाबा त्यातून उठले. डॉक्टरांना फक्त एक सही हवी होती. पण ते 'एक मिनिट' अजून माझ्या घशात अडकलेलं आहे. तिसाव्या चान्सलाही बाबांच्या हाकेला ओ देणारी मुलगी, अजिबात आवडत नसलेल्या गेमसाठी त्यांना थांबायला सांगते, हे झालं कसं?

माझा स्वभाव बिघडला म्हणून, असं कोणी म्हणेल. असेलही. पण त्या गेमची रचना बघा. पाच डाव झाले की 'ऊर्जा' संपते. थांबा, नाहीतर पैसे भरा. पैसे थेट भरायचे नाहीत. आधी रत्नं घ्यायची, म्हणजे किती रुपये गेले याचा हिशोब धूसर होतो. रत्नं अशा संख्येत विकायची की नेहमी थोडी उरतील, आणि ती वाया जाऊ नयेत म्हणून आणखी घ्यावीत. आत काय आहे हे न सांगता पेटी विकायची. रोजची हजेरी मोडली की शिक्षा. यातलं काहीही गेम रंजक व्हावा म्हणून नाही. उलट, आधी खेळ मुद्दाम कंटाळवाणा करायचा आणि मग कंटाळ्यातून सुटका विकायची.

हे एका दिवसात झालं नाही. २००६ साली 'ऑब्लिव्हियन'मध्ये घोड्याचं चिलखत अडीच डॉलरना विकायला काढलं, तेव्हा लोक हसले होते. २००९च्या फार्मव्हिलमध्ये अर्धं ऑफिस पिकं वाळतील म्हणून धास्तावलेलं असायचं. २०१८मध्ये बेल्जियमच्या जुगार आयोगाने पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या अशा बंद पेट्यांना जुगार ठरवलं. आपल्याकडे २०२५मध्ये कायदा झाला आणि पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. उत्तम. पण त्याचा रोख पैशाच्या बदल्यात पैसा मिळण्याच्या आशेवर आहे. माझ्या गेममध्ये तर जिंकायला काहीच नव्हतं. फक्त गमावायचं होतं.

आता आपल्याही पदरात थोडं घालून घेऊ. माझ्या पिढीने एकही गेम विकत घेतला नाही. कॅसेट नकली, फ्लॉपी कॉपी केलेल्या, व्हाइस सिटी कोणाच्या तरी सीडीवरून. परवडत नव्हतं हे खरं. पण परवडायला लागल्यावरही आपण 'गेमला कोण पैसे देतं?' असंच म्हणत राहिलो. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सने २०२०मध्ये 'राजी' काढला. भारतीय पुराणकथा, पहाडी लघुचित्रांची आठवण करून देणारी दृश्यं, आणि काही तासांत संपणारी एका बहिणीची गोष्ट. किती मराठी घरांत तो विकत घेतला गेला? मल्टिप्लेक्समध्ये पॉपकॉर्नला देतो तेवढेही पैसे गेमला द्यायची आपली तयारी नाही. मग जे 'फुकट' मिळतं, ते आपलं लक्ष, झोप आणि पोरांचं पाकीट घेऊन वसुली करणारच.

पालकांची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांच्या लेखी सगळे गेम सारखेच. पुस्तकांबद्दल आपण 'किती तास वाचतोस?' असं विचारत नाही, 'काय वाचतोयस?' असं विचारतो. गेमबद्दल मात्र फक्त घड्याळ. चाळीस तासांत संपणारी, जीव लावणारी कथा आणि जन्मभर हजेरी मागणारी सापळ्याची पेटी, दोन्हींना एकच मोजपट्टी. सरसकट बंदी घालणारी आई आणि सरसकट सूट देणारे बाबा, दोघांनीही तो गेम एकदाही हातात घेतलेला नसतो.

यावर एक आक्षेप येतो : बुद्धिबळही जन्मभर खेळतात की! खेळतात. पण प्रत्येक डाव संपतो, आणि आज खेळला नाहीत म्हणून पट तुमचा वजीर काढून घेत नाही.

माझा भाचा अकरा वर्षांचा आहे. नवीन गेम घ्यायचा म्हटलं की तो आता मला विचारतो. आम्ही बरोबर बसून तीन गोष्टी बघतो. हा गेम कधी संपतो का? चार दिवस उघडला नाही तर शिक्षा करतो का? सगळा मिळून किती रुपयांचा आहे, हे आधी सांगतो का? तिन्ही उत्तरं नीट मिळाली, तर पैसे मी भरते आणि तासांचा हिशोब मागत नाही. गेल्या महिन्यात त्याने एक गेम पूर्ण केला. नावं सरकत होती, तो गप्प बसून बघत होता. मग उठला आणि म्हणाला, "मावशी, संपला. भूक लागली."