शोध आपला, पण दाखला?

महाबळेश्वरच्या पठारावर वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. तेथे ढगांच्या अभ्यासासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२ मध्ये प्रयोगशाळा उभारली. पावसाच्या थेंबांचे आकारमान मोजण्यासाठी तेथे जे उपकरण वापरले गेले, ते जॉस आणि वाल्डफोगेल या स्वित्झर्लंडमधील संशोधकांच्या नावाने ओळखले जाते. थेंब आदळला की त्या आघाताचे विद्युत्स्पंदात रूपांतर होते आणि त्यावरून थेंबाचा व्यास कळतो. कल्पना साधी, पण ती १९६७ मध्ये रीतसर प्रसिद्ध झाली. म्हणून सह्याद्रीचा पाऊस मोजतानाही नाव त्यांचेच घेतले जाते, आणि ते न्याय्यच आहे. प्रश्न आहे तो आपला. ज्या उपकरणांवर आपले नाव हवे होते, तेथे ते का दिसत नाही?

जगदीशचंद्र बोस यांचे उदाहरण या संदर्भात मननीय आहे. बिनतारी लहरी टिपणारे, लोखंड आणि पारा यांच्या संयोगातून सिद्ध केलेले आणि प्रत्येक संकेतानंतर आपोआप पूर्ववत होणारे साधन त्यांनी एप्रिल १८९९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. डिसेंबर १९०१ मध्ये मार्कोनी यांनी अटलांटिकपलीकडून आलेला संकेत न्यूफाउंडलंड येथे ऐकल्याचे जाहीर केले. त्यांच्याजवळचे पाऱ्याचे ग्राहक साधन ‘इटालियन नौदलाचे’ म्हणून गाजले. मग ते सोलारी यांचे की कास्तेल्ली यांचे, यावर इटलीतच वाद पेटला. कलकत्त्याच्या प्राध्यापकाचे नाव मात्र त्या कोलाहलात हरवले. १९९८ मध्ये प्रबीर बंद्योपाध्याय यांनी जुने निबंध आणि पेटंटची कागदपत्रे तपासून त्या साधनाचे मूळ बोस यांच्या निबंधात असल्याचे दाखवून दिले. सारे बिनतारी संदेशवहनच बोस यांनी शोधले, असा याचा अर्थ नव्हे. परंतु जेवढे त्यांचे होते, तेवढे तरी शंभर वर्षांनी त्यांना परत मिळाले. कशाच्या बळावर? आपल्या अभिमानाच्या नव्हे. तारीख असलेल्या छापील निबंधाच्या!

याउलट १८९५ मध्ये शिवकर बापूजी तळपदे यांनी मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, असे आपण महाराष्ट्रात मोठ्या अभिमानाने सांगतो. परंतु यंत्राचा आराखडा, मोजमापे वा उड्डाणाची त्या काळची खात्रीलायक नोंद पुढे आलेली नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा आधार दिला जातो, त्यातील विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९७४ मध्ये काढला. तळपदे यांच्या जिज्ञासेविषयी आदर असावाच. पण पुराव्यावाचून केलेला जयघोष खऱ्या दाव्यांनाही संशयाच्या पिंजऱ्यात उभे करतो. बोस यांचे नाव घेतले की ऐकणारा हसतो, तो यामुळेच.

मग मार्ग कोणता? तो पुण्यानेच दाखवला आहे. १९४८ मध्ये हवामान खात्याच्या पुणे कार्यालयात रुजू झालेल्या अण्णा मणी यांनी सुमारे १०० हवामान उपकरणांचे प्रमाणित आराखडे तयार करवून घेतले. साधी साधनेही ज्या देशाला ब्रिटनहून आणावी लागत, तेथे ती बनू लागली. त्यांतील अनेकांची मूळ कल्पना परकीय होती आणि ती कुणी दडवलीही नाही. त्याच शिस्तीतून पुढे वातावरणातील ओझोन मोजणारे भारतीय बनावटीचे उपकरण साकारले. मूळ मान्य करून केलेले अनुकरण ही विद्यार्थिदशा होय. मूळ लपवणे ही चोरी होय.

मार्कोनी यांच्यावर बोट ठेवणाऱ्यांनी आपल्या महाविद्यालयांतील प्रकल्प-प्रदर्शनांतही डोकावावे. परदेशी जोडणी नव्या पेटीत बसवून ‘स्वदेशी’ची पाटी लावणे हा स्वाभिमान नव्हे. प्रत्येक प्रयोगशाळेत आराखड्याची वही असावी, तीत तारीख असावी आणि कुणाकडून काय घेतले याची प्रांजळ नोंदही असावी. श्रेय मागण्याचा अधिकार श्रेय देणाऱ्यालाच शोभतो.